वॅट किती, आणि त्यांतले स्वच्छ किती?

(मंडळाच्या गणेशोत्सवात नार्वे येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीसमोर उभे राहून काहीतरी आध्यात्मिक बोलावे अशी आपली पद्धत आहे. मी मात्र रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्यात आयुष्य काढलेला माणूस, आणि चिटणिसांनी विषयही मला माझ्याच धंद्यातला दिला आहे. मंडळाला नवीन साउंड सेट घ्यायचा आहे. आताचा शंभर वॅटचा आहे आणि आरतीच्या वेळी त्याचा आवाज फाटतो. तेव्हा दोनशेचा घ्यावा की पाचशेचा, यावर बैठकीत बरीच चर्चा झाली म्हणे. 'तुम्ही दहा मिनिटे बोला आणि सोक्षमोक्ष लावा,' असे ते म्हणाले. दहा मिनिटांत आटोपणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न पैशांचा आहे असे वाटते, पण माझ्या मते त्यात आपल्या आरत्यांचे शब्द अडकले आहेत. आपल्याकडे चवथीच्या आरत्या पुस्तकात बघून म्हणणारे थोडे. घुमट, शामेळ, कासाळे यांच्या गजरात मोठी माणसे म्हणतात आणि मुले ऐकून ऐकून उचलतात. अलीकडे मी पाहतो, मुलांना चाल येते, ठेका तर फारच सुरेख येतो, पण कडव्याच्या मध्यावर आली की ओठ नुसते हलतात. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. घरच्या आरतीला माईक नसतो, तिथे त्यांना शब्द ऐकू येतात. मंडपात मात्र कर्ण्यातून जे बाहेर पडते त्यात शब्द नसतातच.

आवाज फाटतो म्हणजे नेमके काय होते? सोप्यावरचा झोपाळा डोळ्यांसमोर आणा. हळू ढकलला की थोडा जातो, जोरात ढकलला की लांब जातो. आवाजाची लहर अशीच पुढे-मागे झुलत असते आणि अ‍ॅम्प्लिफायरचे काम तिचा झोका मोठा करणे एवढेच. पण समजा, झोपाळ्याच्या पुढे एक भिंत आहे आणि मागे एक. झोका भिंतीपर्यंत पोचेल इतका ढकला, काही बिघडत नाही. त्याहून जोर लावलात तर झोपाळा भिंतीवर आपटतो, क्षणभर तिथेच अडकतो आणि मग परततो. अ‍ॅम्प्लिफायरमधल्या या भिंती म्हणजे त्याच्या पॉवर सप्लायचा व्होल्टेज. आतला सप्लाय जितक्या व्होल्टचा, त्याच्या पलीकडे लहर जाऊच शकत नाही. तिचा गोल माथा सपाट कापला जातो. या कापण्याला धंद्यात आम्ही 'क्लिपिंग' म्हणतो.

आता यातली मजेची, किंवा म्हणा फसवणुकीची, गोष्ट अशी की लहर कापली गेली म्हणून वॅट कमी होत नाहीत. उलट वाढतात! माथा सपाट झाला म्हणजे लहर जास्त वेळ कमाल उंचीवर राहिली, आणि तितकी जास्त वीज स्पीकरमध्ये गेली. पूर्ण चौकोनी होईपर्यंत लहर कापली तर तिची शक्ती त्याच उंचीच्या स्वच्छ लहरीच्या बरोबर दुप्पट भरते.

गाडीतल्या टेपचे उदाहरण घेऊ. डबीवर लिहिलेले असते, '५० वॅट गुणिले ४'. गाडी चालू असताना बॅटरीचा व्होल्टेज असतो साधारण १४.४. स्पीकर ४ ओहमचा. आतल्या आयसीने ही बॅटरी पूर्णच्या पूर्ण दोन्ही दिशांना वापरली असे धरले, तरी स्वच्छ लहरीचा हिशेब १४.४ चा वर्ग भागिले ८, म्हणजे जवळजवळ २६ वॅट होतो. प्रत्यक्षात आत थोडे नुकसान होते, म्हणून वीस-बावीस मिळतात. मग पन्नास आले कुठून? १४.४ चा वर्ग भागिले ४ करा. उत्तर येते ५२ च्या आसपास. ही पूर्ण चौकोनी, पूर्ण फाटलेली लहर. छापलेला आकडा खोटा नाही, पण त्या पन्नास वॅटांवर कोणी अभंग ऐकू शकणार नाही.

म्हणून वॅटचा आकडा एकटा कधी वाचू नये. त्याच्या शेजारी टक्के लिहिलेले असतात, ते वाचावे. टक्के म्हणजे आत गेलेल्या स्वच्छ सुरात बाहेर येताना किती भेसळ झाली त्याचे माप. दहा टक्के म्हणजे मूळ सुराच्या उंचीच्या एक दशांश इतकी भेसळ. टीडीए २०३० नावाची एक छोटी आयसी आहे, आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, झोपेतही ओळखेल. तिच्या कंपनीच्या कागदात ४ ओहमच्या स्पीकरवर दोन आकडे आहेत : अर्धा टक्का भेसळीला १४ वॅट आणि दहा टक्के भेसळीला १८ वॅट. आयसी तीच, सप्लाय तोच, स्पीकर तोच. बनवणारा प्रामाणिक असेल तर खोक्यावर १४ लिहितो, नसेल तर १८. आणि फारच धीट असेल तर 'पीएमपीओ' हा शब्द वापरून हजारात जातो. एके काळी हातात उचलता येणाऱ्या टेपरेकॉर्डरवर असे आकडे छापलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. अमेरिकेत या आकड्यांचा एवढा गोंधळ माजला होता की १९७४ साली तिथल्या सरकारी व्यापार आयोगाला नियम करावा लागला : घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत वॅट सांगायचे असतील तर ते किती भेसळीला, किती ओहमवर, हेही सांगा.

आता मला जे मुख्य सांगायचे आहे ते. चौदाचे अठरा वॅट केल्यावर कानाला किती जास्त ऐकू येते? जवळजवळ काहीच नाही. आपला कान वॅट मोजत नाही, पट मोजतो. वॅट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे 'थोडा वाढला वाटते' एवढेच. आवाज दुप्पट मोठा वाटायचा असेल तर वॅट दहापट लागतात. चौदा आणि अठरा यांत फरक एक डेसिबलच्या आसपास, तो लक्ष देऊन ऐकले तरी सहसा कळत नाही. पण भेसळ अर्ध्या टक्क्यावरून दहा टक्क्यांवर गेली, ती मात्र पहिल्या रांगेतल्या आजीपासून रस्त्यावरून जाणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांना कळते. बटण शेवटपर्यंत फिरवणारा जे कमावतो ते कोणाला ऐकू येत नाही, आणि जे गमावतो ते सगळ्यांना ऐकू येते.

ही भेसळ कशाची असते? इथे पेटी वाजवणारे आणि तंबोऱ्याजवळ बसलेले बरेच जण आहेत, त्यांना हे चटकन पटेल. षड्जाचा सूर दोन्ही बाजूंनी सारखा कापला तर त्यातून त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे सूर निघतात. तिप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. पाचपट म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. इथवर तक्रार नाही, तंबोऱ्याच्या तारेतही हे सूर असतात आणि ते गोडच लागतात. सातपट कंपनांचा सूर मात्र कोमल निषादाच्याही थोडा खाली पडतो, कुठल्याही पेटीवर तो नाही. कापणी जितकी तीव्र तितके हे वरचे सूर जोरात. आणि हे झाले एकाच सुराचे. दोन-तीन सूर एकदम आले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवेच सूर तयार होतात, त्यांचा रागाशी काही संबंध नसतो. कानाला जो चरा जातो तो यांचा.

घुमटाकडे येतो. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, ते योग्यच झाले. पण ध्वनिवर्धकाच्या दृष्टीने हे मोठे द्वाड वाद्य आहे. मातीचे मडके, एका तोंडावर कातडे, दुसरे तोंड उघडे, त्यावर हात झाकून-उघडून तो खोल हुंकार काढायचा. थाप पडते त्या क्षणी लहर एकदम उसळते आणि लगेच ओसरते. सरासरी आवाज फार नसतो, पण त्या उसळीची शक्ती सरासरीच्या वीस-तीस पट सहज जाते. माणसाच्या बोलण्या-गाण्यातही अशी उसळी असते, घुमटाइतकी नाही.

आता म्हणणाऱ्याचा आणि घुमटाचा आवाज एकाच अ‍ॅम्प्लिफायरमधून जात आहे. घुमटाची लहर म्हणजे समुद्राची मोठी लाट आणि गाणाऱ्याचा शब्द म्हणजे त्या लाटेच्या पाठीवरची बारीक वळी. थाप पडली, मोठी लाट भिंतीवर आपटली, तिचा माथा कापला गेला. त्या माथ्यावरची वळीही कापली गेली. तेवढ्या वेळापुरता शब्द अक्षरशः नाहीसा होतो. मंद झाला, दबला, असे नव्हे, नाहीसाच होतो. ठेका द्रुत झाला की सेकंदाला चार-पाच वेळा हे घडते. उरलेल्या तुकड्यांवर त्या सातपट-नऊपट सुरांचा चरा आणि कासाळ्यांचा झणत्कार पडतो. 'क', 'त', 'स' ही व्यंजने मुळात अशक्त, आणि त्यांची जागाही वरच्या कंपनांत, म्हणजे नेमकी चऱ्याच्या शेजारीच. वय झाले की कानाची तीच वरची बाजू आधी उतरते. म्हणून ज्येष्ठ मंडळी म्हणतात, 'आवाज मोठा आहे रे, पण कळत काही नाही.' त्यावर आपण काय करतो? आवाज आणखी वाढवतो.

यावर विज्ञानाने उपाय काढला नाही का? काढला, आणि तोही फेरीबोटीवर! आपली नार्वे-दिवाडी फेरी आहे तशी न्यूयॉर्कजवळ हडसन नदीवर एक फेरी होती. ऑगस्ट १९२७ मध्ये हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा तरुण अभियंता बेल प्रयोगशाळेत कामाला जाताना त्या फेरीवर उभा होता. टेलिफोनचा आवाज शेकडो मैल नेताना वाटेतल्या प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये थोडी थोडी भेसळ होई आणि ती साठत जाई. नदी ओलांडता ओलांडता त्याला सुचले की बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत पाठवावा, मुळाशी ताडून पाहावा आणि जितका फरक तितकी दुरुस्ती करावी. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर त्याने ते तिथेच मांडले. 'निगेटिव्ह फीडबॅक' म्हणतात ते हेच, आणि आज तुमच्या मोबाईलपासून या मंडपातल्या सेटपर्यंत सगळीकडे तेच आहे. त्याच्यामुळेच अ‍ॅम्प्लिफायरची भेसळ टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत खाली आली.

पण भिंतीपुढे त्याचेही काही चालत नाही. झोपाळा भिंतीला टेकला की मागून कितीही दुरुस्तीचा धोशा लावा, भिंत हलत नाही. उलट तो धोशा माथा अधिकच सपाट, कोपरा अधिकच तीक्ष्ण करतो. म्हणून आजचे अ‍ॅम्प्लिफायर भिंतीपर्यंत अगदी स्वच्छ असतात आणि तिथून एकदम फाटतात. जुन्या व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये फीडबॅक बेताचा असे, तिथे भेसळ हळूहळू वाढे, माथा गोलसरच राही. 'जुन्या मशीनचा आवाज गोड होता' असे जे म्हणतात त्यात आठवणींचा भाग आहेच, पण हाही आहे. भेसळ तिथे जास्तच होती. फक्त ती सभ्यपणे येत असे.

उलटेही घडते, तेही सांगतो. काही मशीन मोठ्या आवाजात चांगले आणि अगदी हळू आवाजात खरखरीत लागते. त्यात लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो आणि खालचा दुसरा. एकाने सोडले आणि दुसऱ्याने धरले यात फट पडली की तिथे आवाज ठेचकाळतो. मोठ्या लहरीत ती फट दिसत नाही, बारीक लहरीत तीच मोठी होते. मोठ्या आवाजाच्या दुखण्याशी याचा संबंध नाही. हे चांगल्या कारागिराकडून 'बायस' लावून घेतल्यावर जाते, नवीन मशीन घ्यावे लागत नाही.

चवथीच्या दिवसांतली एक खास आपली अडचण आहे. घराघरांत रोषणाई, पंखे, मिक्सर, सगळे एकाच वेळी चालू. संध्याकाळी २३० व्होल्टचे १९० होतात. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मशीनमध्ये बाहेरचा व्होल्टेज उतरला की आतला सप्लायही त्याच प्रमाणात उतरतो. म्हणजे झोपाळ्याच्या भिंती जवळ आल्या! आणि वॅट व्होल्टेजच्या वर्गाने घटतात. हिशेब केला तर शंभर वॅटचे मशीन अडुसष्टवर येते. दुपारी तपासले तेव्हा ठणठणीत असलेले मशीन बरोबर आरतीच्या वेळी फाटते आणि साउंडवाल्याला बोलणी बसतात. स्विच-मोड सप्लायच्या नव्या मशीनना हा त्रास बराच कमी. साध्या मशीनला त्या पाच दिवसांपुरता स्टॅबिलायझर लावला तरी फरक पडतो.

स्पीकर जळतात ते जास्त वॅटने, हा समज पुरता खरा नाही. लहान मशीन फाटेपर्यंत चालवले तरी जळतात, आणि जळतात ते बहुधा छोटे, वरच्या सुरांचे ट्वीटर. कापलेल्या लहरीत वरच्या कंपनांचा वाटा वाढतो. शिवाय मोठे माथे कापले गेल्यावर वाजवणारा बाकीचे सगळे वर ढकलतो, आणि ट्वीटरला श्वास घ्यायला फुरसत राहत नाही.

बरे, आपल्याला लागतात किती वॅट? बोलताना माणसाच्या तोंडातून प्रत्यक्ष ध्वनी म्हणून बाहेर पडणारी शक्ती एका वॅटच्या लाखाव्या हिश्श्याएवढी असते. बालगंधर्वांच्या पिढीने ध्वनिवर्धकाशिवाय नाटकगृहे भरली, ती असल्या चिमूटभर शक्तीवर. स्पीकर मात्र उधळ्या, मिळालेल्या विजेतला जेमतेम शंभरावा हिस्सा आवाजात बदलतो आणि बाकीची उष्णता. कर्णा त्याहून कितीतरी काटकसरी, पण त्याचा आवाज कर्कश.

आपल्यासारख्या कॉलम स्पीकरला एक वॅट दिला की एक मीटरवर साधारण ९० डेसिबल मिळतात. अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल जातात. आठ मीटरवर, म्हणजे या मंडपाच्या मध्यावर, उरले ७२. पाच वॅट दिले तर ७९. शब्द कळायला हे भरपूर आहे. सरासरी पाच वॅट आणि उसळीसाठी वीसपट जागा, म्हणजे झाले शंभर. आपल्याकडे शंभरच आहे! फाटते, कारण दोन्ही स्पीकर व्यासपीठाच्या कोपऱ्यात आहेत आणि शेवटच्या रांगेला ऐकू यावे म्हणून सरासरीच वीस-तीस वॅटवर नेलेली असते. शेवटची रांग सोळा मीटरवर आहे. तिथे आठ मीटरवरच्याइतका आवाज हवा असेल तर चौपट वॅट लागतात. त्यापेक्षा एक स्पीकर उचलून मंडपाच्या मध्यावर नेणे स्वस्त पडते, त्याला वायर लागते फक्त. आणि ती वायर जाड घ्या.

कायद्याचीही बाजू आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे सार्वजनिक जागेच्या सीमेवर लाउडस्पीकरचा आवाज परिसरातल्या ठरलेल्या पातळीहून १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतले जे कमी ते ओलांडता येत नाही, आणि रात्री दहानंतर, खास परवानगीचे मोजके दिवस सोडले तर, बंदच. पाचशे वॅटचा सेट आणून तो कायदेशीरपणे पूर्ण वाजवायला जागा नार्व्यात तरी नाही. पलीकडे दिवाडीला ऐकू जावे असा हट्ट असेल तर गोष्ट वेगळी, पण दिवाडीच्या लोकांनी तशी मागणी केल्याचे मी ऐकलेले नाही.

एवढे सांगूनही नवीन घ्यायचाच असेल तर माझे मत दोनशे वॅटच्या बाजूने आहे, एका अटीवर. ते दोनशे अर्धा-एक टक्का भेसळीला मोजलेले हवेत, दहा टक्क्यांना नव्हे, आणि आणल्यावर आवाज आताइतकाच ठेवायचा. जास्तीचे वॅट वाजवण्यासाठी नसतात, थापेच्या उसळीला मोकळी जागा असावी म्हणून असतात. दुकानात विचारायचे ते असे : किती ओहमला, किती टक्क्यांना, सतत की क्षणभर? दुकानदाराने टक्क्यांचा प्रश्न टाळला तर दुसरे दुकान पाहावे. मिक्सर घेणार असाल तर हे लक्षात ठेवा, अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचण्याआधीच आवाज मिक्सरमध्येही फाटू शकतो. माईकचे बटण शेवटपर्यंत आणि मुख्य बटण अगदी खाली, असे असेल तर हजार वॅटचे मशीनही फाटलेला आवाजच मोठा करून देईल. तांबडा दिवा थापेबरोबर लुकलुकला की त्या माईकचे बटण खाली आणायचे.

आज रात्रीच्या आरतीला एक प्रयोग करू या, त्याला खर्च काही नाही. घुमटासमोरचा माईक काढून टाका. पाच घुमट आणि कासाळ्यांना या मंडपात माईकची गरज नाही, ती मुळातच सगळ्यांना पुरून उरतात. माईक फक्त म्हणणाऱ्यांसमोर ठेवा, तोंडापासून एक वीत अंतरावर, घुमटांकडे पाठ करून. उजवीकडचा स्पीकर तिसऱ्या खांबापाशी आणा. आणि बटण मात्र कोणीतरी एकानेच सांभाळा, प्रत्येक कडव्याला माणूस बदलू नका. मुलांना पुढे बसवा. मी मागच्या रांगेत बसतो आणि शब्द कळतात का ते सांगतो.